व्हीलचेअरसह कुटुंबाचा पहिला विमानप्रवास : तिकीट काढण्यापासून मुक्कामाला पोहोचेपर्यंत

व्हीलचेअर वापरणाऱ्या आप्ताला घेऊन विमानाने जायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो विमानतळावर मदत मिळेल की नाही, हा. मदत मिळते आणि बहुतेक ठिकाणी तिचे पैसे पडत नाहीत. युरोपीय संघात २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम, अमेरिकेत १९८६ चा एअर कॅरिअर ॲक्सेस ॲक्ट आणि भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नियमावली यांनी ही जबाबदारी विमान कंपन्यांवर आणि विमानतळांवर टाकलेली आहे. तेव्हा नवख्या कुटुंबाने मदतीच्या काळजीपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. मोटारीत किंवा आगगाडीत खुर्ची माणसाच्या नजरेसमोर राहते. विमानप्रवासात मात्र एका ठरावीक टप्प्यावर माणूस आणि खुर्ची यांची ताटातूट होते, माणूस वर केबिनमध्ये जातो, खुर्ची खाली मालाच्या कप्प्यात जाते, आणि दोघांची पुन्हा भेट होईपर्यंत दोघेही अनोळखी हातांत असतात. ही ताटातूट कुठे होणार, किती वेळ राहणार आणि त्या वेळात माणसाला व खुर्चीला कोण, कसे हाताळणार, हे आधी ठरवून लेखी कळवले, की बाकीचा प्रवास इतरांच्या प्रवासासारखाच होतो.

तिकिटाआधी घरातली बैठक

पहिली चर्चा विमान कंपनीशी न करता घरात करावी, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांना मध्ये बसवून करावी. आजी असोत, वडील असोत किंवा दहा वर्षांची मुलगी असो, त्यांच्या शरीराविषयीचा निर्णय त्यांच्याशिवाय होता कामा नये. घरी रोज उचलून ठेवणारा मुलगा जे गृहीत धरतो, ते अनोळखी कर्मचाऱ्यांसमोर वडिलांना चालेलच असे नाही. चार प्रश्नांची उत्तरे या बैठकीत मिळवावीत : जिन्याच्या पायऱ्या चढता येतात का, आधार घेऊन दहा-वीस पावले टाकता येतात का, खुर्चीवरून शेजारच्या आसनावर स्वतः सरकता येते की उचलावे लागते, आणि एका जागी सलग किती तास बसवते. पाचवा प्रश्न शौचालयाचा. तो बहुतेक घरांत संकोचामुळे टाळला जातो, आणि प्रवासाच्या दिवशी सर्वांत जास्त त्रास नेमका तोच देतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असेल, ऑक्सिजन लागत असेल, श्वसनाचा किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल, तर विमान कंपनी ‘मेडिफ’ नावाचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून मागते. केवळ व्हीलचेअर वापरतात आणि प्रकृती स्थिर आहे, एवढ्यावर सहसा हा अर्ज लागत नाही. तरी निदान, चालू औषधे आणि सोबतची वैद्यकीय साधने यांची नोंद असलेले डॉक्टरांचे एक पानी पत्र जवळ असावे. सुरक्षा तपासणीत आणि परक्या गावी अचानक उपचारांची वेळ आली तर ते उपयोगी पडते.

विमान निवडताना

शक्य असेल तर थेट विमानच घ्यावे, थोडे महाग पडले तरीही. मध्ये विमान बदलायचे म्हटले की उतरवणे, बसवणे, खुर्ची खालून वर आणणे, ती पुन्हा खाली पाठवणे हे सगळे दुप्पट होते आणि मोडतोडीची शक्यताही तेवढीच वाढते. बदलणे अटळच असेल, तर दोन विमानांत अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे, कारण व्हीलचेअरचा प्रवासी विमानातून सर्वांत शेवटी उतरतो. आरक्षणाच्या संगणकाने सुचवलेला पन्नास मिनिटांचा थांबा धावत जाऊ शकणाऱ्या प्रवाशासाठी असतो.

विमानाचा प्रकारही पाहावा. इलेक्ट्रिक व्हीलचेअर असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो. बोईंग ७३७ च्या मालकप्प्याचे दार जेमतेम ८५ ते ९० सेंटीमीटर उंच असते, तर एअरबस ए३२० चे सव्वा मीटरच्या आसपास. पाठ ताठ असलेली आणि मागे न वाकणारी जड खुर्ची पहिल्या विमानात उभी जाऊ शकत नाही. ती आडवी करावी लागते, आणि आडव्या खुर्चीचेच जॉयस्टिक, हात आणि पाठीचा सांगाडा यांना इजा होते. म्हणून खुर्चीची पाठ दुमडल्यावर उंची, लांबी व रुंदी किती भरते ते घरी टेप लावून मोजावे आणि त्या विमानात ती उभी मावेल का, हे कंपनीला विचारूनच तिकीट पक्के करावे. छोट्या गावांना जाणाऱ्या पंख्यांच्या विमानांत तर हा प्रश्न आणखी बिकट होतो.

आसनाची निवड वाटते तितकी सरळ नसते. मधल्या वाटेकडचे आसन चढउतारीला सोयीचे, पण त्याचा हात वर उचलला जातो का, हे विचारून घ्यावे; बऱ्याच विमानांत काही ठरावीक रांगांचेच हात उचलता येतात. अगदी पुढच्या, भिंतीसमोरच्या रांगेत पाय ठेवायला जागा भरपूर असते. परंतु तिथे जेवणाची पाटी आसनाच्या हातातच बसवलेली असल्यामुळे तो हात हलत नाही, आणि माणसाला त्याच्यावरून उचलून आत घ्यावे लागते. जे स्वतः उठू शकत नाहीत त्यांना काही कंपन्या खिडकीचे आसन देतात, कारण आणीबाणीत बाहेर पडणाऱ्यांची वाट अडता कामा नये. संकटकालीन दाराच्या रांगेत मात्र त्यांना कोणीही बसवणार नाही. सोबतची एक व्यक्ती अगदी शेजारी हवी, ही मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. स्वतःला बाहेर पडता येत नसेल, तर सोबती असण्याची अट कंपनीही घालू शकते.

विमान कंपनीला कळवणे

बहुतेक कंपन्या किमान ४८ तासांची पूर्वसूचना मागतात. मी म्हणेन, तिकीट काढले त्याच दिवशी कळवावे आणि निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा खात्री करावी. संकेतस्थळावर ‘व्हीलचेअर हवी’ या चौकोनात खूण केली की काम झाले, असे समजू नये, कारण त्या खुणेवरून कोणती मदत हवी ते कळत नाही. विमान कंपन्यांत यासाठी जगभर तीन सांकेतिक शब्द चालतात आणि ते कुटुंबाला ठाऊक असले की फोनवरचे निम्मे बोलणे वाचते. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे पायऱ्या चढता येतात, विमानात चालताही येते, फक्त विमानतळावरील लांबचे अंतर चालवत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानाच्या आत आसनापर्यंत चालता येते. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे थेट आसनापर्यंत नेऊन बसवावे लागते. चुकीचा शब्द नोंदला गेला, तर विमानाच्या दाराशी अरुंद खुर्ची आणि उचलणारी माणसे हजर नसतात, आणि मग ती येईपर्यंत सारेच खोळंबतात.

ही नोंद विमानतळाच्या खुर्चीपुरती झाली. स्वतःची खुर्ची सोबत असेल तर तिची नोंद वेगळी करावी लागते : हाताने चालणारी असेल तर एक संकेत, कोरड्या किंवा जेलच्या बॅटरीची असेल तर दुसरा, लिथियम बॅटरीची असेल तर तिसरा. खुर्चीचे वजन, मापे, घडी होते की नाही आणि बॅटरीचा प्रकार एवढी माहिती ईमेलने पाठवावी व लेखी उत्तर मागावे. फोनवर कितीही गोड बोलणे झाले, तरी काउंटरवर उपयोगी पडतो तो कागद.

लहान मुलासाठी खास बनवलेली बाबागाडीसारखी खुर्ची असेल, तर एक काळजी अधिक घ्यावी. कर्मचारी ती साधी बाबागाडी समजून सामानात टाकतात. नोंदणीत आणि खुर्चीवरील पट्टीवरही ‘व्हीलचेअर’ हाच शब्द ठळकपणे लिहावा. मूल आधाराशिवाय ताठ बसू शकत नसेल, तर विमानाच्या आसनावर बांधायचा आधारपट्टा कंपनीला चालेल का, याची मान्यता आधी घ्यावी. विमानात पोहोचल्यावर त्यावर चर्चा करणे सर्वांनाच जड जाते.

बॅटरीचे गणित

इलेक्ट्रिक खुर्ची अडवली जाते ती बहुतेकदा बॅटरीवरून, आणि आपल्या बॅटरीवर काय लिहिले आहे ते आपल्याला सांगता न आल्यामुळे. बॅटरीच्या पट्टीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास हे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॉट-तासांची झाली. खुर्चीतून काढता येणारी लिथियम बॅटरी असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका बॅटरीला ३०० वॉट-तासांची मर्यादा आहे. दोन बॅटऱ्यांवर चालणारी खुर्ची असेल, तर प्रत्येकी १६० ची. अशा बॅटऱ्या काढून, टोके झाकून, प्रत्येकी वेगळ्या पिशवीत घालून केबिनमध्ये जवळ ठेवायच्या असतात. मालकप्प्यात त्या सुट्या जाऊ देत नाहीत. २४ व्होल्ट आणि १५ अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॉट-तासांची होते, म्हणजे काढता येणारी असल्यास ती या मर्यादेबाहेर गेली. घडीची हलकी इलेक्ट्रिक खुर्ची विकत घेणार असाल आणि विमानप्रवास मनात असेल, तर हा गुणाकार दुकानातच करून पाहावा.

खुर्चीत पक्की बसवलेली आणि खुर्चीच्या सांगाड्यानेच नीट झाकलेली बॅटरी मात्र आतच राहू शकते. जेलच्या, म्हणजे न सांडणाऱ्या बॅटऱ्याही सहसा खुर्चीतच ठेवतात, फक्त प्रवाह तोडून खुर्ची चुकूनही सुरू होणार नाही, अशी व्यवस्था हवी. बॅटरीवरील पट्टीचा स्पष्ट फोटो, उत्पादकाचे माहितीपत्रक आणि प्रवाह कसा तोडायचा याच्या दोन ओळी, एवढे कागद छापून घ्यावेत. मोबाइलमध्ये ते असले तरी काउंटरवरच्या माणसाच्या हातात कागद दिला की काम लवकर होते.

खुर्चीची तयारी

निघण्याच्या आदल्या दिवशी खुर्चीचे चारही बाजूंनी, चाकांचे, नियंत्रण पेटीचे आणि आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढावेत. फोटोत तारीख नोंदली जाईल असे पाहावे. नंतर निघणारा भाग कोणता याची यादी करावी : बसायची गादी, पाय ठेवायच्या पट्ट्या, बाजूच्या ढाली, डोक्याचा आधार, खुर्चीला अडकवलेली पिशवी. यातले जे काही ओढून निघते ते मालकप्प्यात पडून हरवू शकते, म्हणून ते काढून एका घट्ट पिशवीत भरावे आणि ती पिशवी केबिनमध्ये न्यावी. अशी साधने अनेक कंपन्या नेहमीच्या हातातल्या सामानाच्या हिशोबात धरत नाहीत, पण त्याची खातरजमा आधी करावी. जॉयस्टिक निघत असेल तर काढावी. निघत नसेल तर बुडबुड्यांच्या प्लास्टिकने गुंडाळून चिकटपट्टीने बांधावी.

खुर्चीला एक मोठा, पाणी न लागणारा कागद बांधावा. त्यावर मालकाचे नाव, विमानाचा क्रमांक आणि फोन यांच्या खाली हाताळणाऱ्यासाठी सूचना असाव्यात : कुठे धरून उचलावे, कुठे धरू नये, ब्रेक कसे सोडावेत, मोटर सोडून हाताने ढकलायची कळ कुठे आहे. शक्य तिथे बाण काढलेले चित्र द्यावे, कारण मालकप्प्यात काम करणाऱ्या माणसाला आपली भाषा येईलच असे नाही. इलेक्ट्रिक खुर्ची मोटरला जोडलेलीच राहिली तर ती ढकलता येत नाही, आणि मग ती ओढली किंवा फरफटवली जाते. तिचे अर्धे नुकसान इथेच होते.

शरीराची तयारी

विमानातले शौचालय लहान असते. आसनांच्या मधून एकच वाट असलेल्या विमानात बहुतेक वेळा तिथे सोबत्याला आत उभे राहण्याइतकीही जागा नसते. दोन वाटांच्या मोठ्या विमानांत थोडी मोठी खोली आणि विमानातली अरुंद चाकाची खुर्ची मिळण्याची शक्यता अधिक; ही सोय आहे का, हे तिकीट काढतानाच विचारावे. मात्र केबिनमधले कर्मचारी शौचालयाच्या दारापर्यंत नेतात, आत उचलून बसवण्याचे किंवा स्वच्छतेचे काम ते करत नाहीत, हे कुटुंबाने ध्यानात ठेवावे.

या अडचणीवर उपाय म्हणून अनेक जण आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. हा उपाय अंगाशी येतो. केबिनमधली हवा फार कोरडी असते, पाणी कमी पडले की मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, आणि चार तासांहून लांबच्या प्रवासात हालचाल न होणाऱ्या पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी नेहमीचे पाणी प्यावे आणि निचऱ्याची सोय करावी : कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर चढण्याच्या अगदी आधी पिशवी रिकामी करून मोठी पिशवी जोडावी, एरवी डायपर, पुरुषांसाठी बाहेरून लावायचे कॅथेटर किंवा तोंड बंद होणारी बाटली आणि अंगावर घ्यायला शाल. पाठीच्या कण्याला वरच्या भागात, छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांच्या बाबतीत तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम भयंकर वाढू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, घाम फुटणे ही त्याची लक्षणे सोबत्याला ठाऊक असलीच पाहिजेत. नवीन साधन पहिल्यांदा विमानात वापरू नये. आठ-पंधरा दिवस आधी घरी लावून, त्याच कपड्यांत चार तास बसून पाहावे.

दुसरी काळजी दाबाने होणाऱ्या जखमांची. ज्यांना खालच्या अंगात संवेदना नाही, त्यांनी विमानाच्या आसनावर आपली गादी घालून बसावे. हवेची गादी असेल तर एक बारकावा आहे. उंचीवर केबिनमधला हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या डोंगराइतका असतो. त्यामुळे गादीतली हवा फुगते आणि गादी टणक होते. विमान वर गेल्यावर थोडी हवा सोडावी, उतरल्यावर पंपाने पुन्हा भरावी, नाहीतर माणूस थेट कठीण तळावर बसतो. पंप हातातल्या पिशवीत असू द्यावा. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून किंवा बाजूला कलून भार हलवायचा; त्याची आठवण ठेवण्याचे काम घरातल्या मोठ्या मुलाकडे मोबाइलच्या घंटेसह द्यावे.

औषधे, कॅथेटर, कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल आणि प्लास्टिकच्या पिशव्या केबिनमध्येच. औषधे लागणार असतील त्याहून दोन-तीन दिवसांची जास्त घ्यावीत आणि मूळ वेष्टनात ठेवावीत. द्रवाच्या १०० मिलिलीटरच्या मर्यादेतून आवश्यक औषधांना सूट असते, मात्र ती तपासणीच्या वेळी वेगळी काढून दाखवावी लागतात.

विमानतळावर

कंपनी सांगते त्याहून तासभर आधी पोहोचावे. काउंटरवर विमानतळाच्या खुर्चीत बसण्याचा आग्रह झाला, तर स्वतःच्या खुर्चीतच विमानाच्या दारापर्यंत जायचे आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. विमानतळाची खुर्ची सर्वांसाठी एकाच मापाची असते. ज्यांची पाठ वळलेली आहे किंवा ज्यांना गादीशिवाय बसता येत नाही, त्यांना ती अर्ध्या तासातच त्रास देते. खुर्ची दारापर्यंत न्यायची ठरली, की तिला दाराशी परत मिळण्याची चिठ्ठी लावून घ्यावी. ‘उतरताना विमानाच्या दाराशी परत’ असे त्या चिठ्ठीवर नोंदले आहे ना, ते वाचून पाहावे, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर जाते आणि माणूस दाराशी अडकतो.

सुरक्षा तपासणीत खुर्चीतून उठता येत नसेल तर उठावे लागत नाही. हाताने तपासणी होते आणि खुर्चीचे भाग कापडी पट्टीने पुसून स्फोटकांसाठी तपासले जातात. कुठे दुखते, कुठे पिशवी बांधली आहे, कोणता पाय हलवू नये, हे तपासणी सुरू होण्याआधीच सांगावे. आडोशाची खोली आणि त्याच लिंगाचा कर्मचारी मागण्याचा प्रवाशाला हक्क असतो, आणि सोबतीलाही आत जाऊ द्यावे, असे म्हणता येते. खुर्चीच्या पिशवीत राहिलेली कात्री किंवा पाना इथे निघतो, म्हणून पिशवी घरीच पूर्ण रिकामी करून भरावी.

अशा वेळी कर्मचारी सवयीने सोबत्याकडे पाहून विचारतात, ‘यांना चालता येतं का?’ सोबत्याने उत्तर न देता आपल्या माणसाकडे पाहावे. दोन-तीनदा असे केले, की समोरच्याला कळते आणि बोलणे योग्य व्यक्तीशी सुरू होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे दाराशी जे उचलणे होणार आहे, तिथे त्याच व्यक्तीचा शब्द चालायला हवा.

दाराशी : खुर्ची सोडण्याचा क्षण

चढण्याच्या वेळी व्हीलचेअरच्या प्रवाशांना सर्वांआधी आत नेतात, म्हणून घोषणा होण्याच्या निदान पाऊण तास आधी गेटवर, म्हणजे प्रवाशांना विमानाकडे सोडतात तिथे, हजर राहून आपण आलो आहोत, हे सांगावे. एरोब्रिज, म्हणजे इमारतीपासून विमानाला जोडलेली बंद वाट, असेल तर खुर्ची सरळ विमानाच्या दारापर्यंत जाते. जिना असेल तर अँब्युलिफ्ट, म्हणजे वर उचलणारी बंद गाडी, किंवा उताराची वाट मागावी. हाताने जिन्यावरून उचलून नेण्याची तयारी कोणी दाखवली, तर ती मान्य करण्याआधी आपल्या माणसाला विचारावे. नकार देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

एका वाटेच्या विमानाची मधली वाट सुमारे अर्धा मीटर रुंद असते, घरची खुर्ची साठ-पासष्ट सेंटीमीटर. त्यामुळे दाराशी माणसाला आयल चेअर नावाच्या अरुंद खुर्चीत घ्यावे लागते. तिला हात नसतात, चाके बारीक असतात, आणि छाती, कंबर व पाय बांधायला पट्टे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती थोडी भीतिदायक वाटते, म्हणून तिचा फोटो घरी आधी दाखवून ठेवावा. उचलण्यापूर्वी घाई करू देऊ नये. आधी गादी आसनावर पोहोचवावी. मग आयल चेअर आपल्या खुर्चीशेजारी आणून दोन्हींचे ब्रेक लावून घ्यावेत. हात छातीवर घडी घालून ठेवावेत, कॅथेटरची नळी आणि पिशवी कुठे आहे ते उचलणाऱ्या दोघांनाही दाखवावे, आणि पाय धरणारा कोण व काखेतून धरणारा कोण हे ठरवावे. काखेत हात घालून ओढल्याने खांदा निखळू शकतो, हे अशक्त खांद्याच्या माणसाबाबत आवर्जून सांगावे. मोजणी एकानेच करावी, आणि शक्यतो ज्यांना उचलायचे आहे त्यांनीच. ‘तीन’ म्हणताच उचलायचे की ‘तीन’ झाल्यावर, एवढे आधी बोलून घेतले तरी निम्मे धक्के टळतात. पट्टे बांधल्यावर कोपर आणि पावले वाटेतल्या आसनांवर आपटत नाहीत ना, याकडे पुढे चालणाऱ्या नातेवाइकाने लक्ष ठेवावे. आसनावर बसवल्यावर पाठ टेकली का, अंगाखाली कपड्याची घडी राहिली का, नळी दबली का, हे हात फिरवून पाहावे.

त्याच वेळी कुटुंबातील दुसऱ्या कोणी खुर्चीजवळ थांबून ती खाली नेणाऱ्याला कागदावरच्या सूचना दाखवाव्यात. मुलांना सांभाळणारा तिसरा जण असेल तर उत्तम. ही तीन कामे एकट्याने करणे कठीण आहे आणि आधी वाटून घेतली तर सोपी आहेत. आत आल्यावर केबिनमधल्या मुख्य कर्मचाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात : खुर्ची विमानात चढल्याची खात्री करता येईल का, आणि उतरण्याच्या ठिकाणी मदतीचा निरोप पुढे गेला आहे का. दार बंद होण्याआधी हे विचारले तर उत्तर मिळू शकते.

प्रवासात विशेष करण्यासारखे फार नसते. विमान उतरायला अर्धा तास उरला, की उतरण्याच्या मदतीची आठवण केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा द्यावी.

उतरल्यावर

सगळे प्रवासी उतरल्यावर आपली पाळी येते. आयल चेअर दाराशी आली, तरी स्वतःची खुर्ची वर आल्याशिवाय आपल्या माणसाला उचलू देऊ नये, असे मी सुचवेन. एरोब्रिजमध्ये अरुंद खुर्चीत बांधलेल्या अवस्थेत वाट पाहण्यापेक्षा विमानाच्या आसनावर वाट पाहणे बरे.

खुर्ची मिळताच बसण्याआधी तपासावी : चाके सरळ फिरतात का, ब्रेक लागतात का, सांगाडा वाकला आहे का, जॉयस्टिक चारही दिशांना चालते का. काही बिघडले असेल तर विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या सामान विभागात लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा, आदल्या दिवशीचे आणि आताचे फोटो सोबत द्यावेत. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, आणि भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबी एकक असून ही रक्कम चांगल्या इलेक्ट्रिक खुर्चीच्या किमतीपुढे फार तोकडी पडते. म्हणून महागडी खुर्ची असेल तर चेक-इनच्या वेळी तिच्या पूर्ण मूल्याचे विशेष घोषणापत्र देता येते, त्यासाठी कंपनी जादा शुल्क मागू शकते. किंवा खुर्चीचा स्वतंत्र विमा काढावा. अमेरिकेतील अंतर्गत उड्डाणांत मात्र भरपाई खुर्चीच्या मूळ खरेदी किमतीवर ठरते, म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी. तात्पुरती खुर्ची दिली गेली आणि तीत आपल्या माणसाला सुरक्षित बसता येत नसेल, तर तेही त्या नोंदीत लिहून घ्यावे.

मुक्कामाच्या ठिकाणी खुर्चीसह बसता येईल अशी गाडी आणि पायऱ्यांविना जाता येईल अशी खोली आधीच ठरवलेली असावी. खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी सेंटीमीटरमध्ये विचारावी, कारण ‘व्हीलचेअर चालते’ या उत्तराचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा निघतो. परतीच्या विमानासाठी मदतीची नोंद, बॅटरीची मान्यता आणि खुर्चीची मापे पुन्हा नव्याने कळवावी लागतात, विशेषतः परतीची कंपनी किंवा विमान वेगळे असेल तर. तो फोन पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच करून टाकावा.